चार ओळींचा अभिप्राय

७ जून १९९८. पुस्तकं उन्हात घालायचा रविवार. पावसाळ्याआधी हे काम करावंच लागतं, नाहीतर सुरतेतल्या लिंबायतच्या दमट खोलीत पानांना बुरशी येते आणि श्रावणात वाचकांची बोलणी मला खावी लागतात. फाटलेलं खाकी कव्हर काढायचं, पुस्तक झटकायचं, उन्हात उघडं ठेवायचं, मग गव्हाच्या खळीनं नवं कव्हर लावायचं. दुपारपर्यंत दोन कपाटं उरकायची असं ठरवून मी गच्चीवर चटई अंथरली होती. दुसऱ्या कपाटातलं ‘तांबडी वस्ती’ हातात आलं आणि काम तिथंच अडलं. का अडलं ते सांगते, पण त्याआधी भिकनआप्पांबद्दल सांगायला हवं.

आमचं वाचनालय म्हणजे इथल्या मराठी मंडळाच्या हॉलवरची एक खोली. आठवडाभर मी दवाखान्यात केसपेपर काढते आणि रविवारी नऊ ते बारा ही खोली उघडते. इथला एक नियम माझा आहे. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी मी एक कोरा कागद चिकटवते. पुस्तक परत करताना वाचकानं त्यावर अभिप्राय लिहायचा, चार ओळींत. नियम केला तो पुस्तक खरोखर वाचलंय की उशाला घेतलंय ते कळावं म्हणून.

आप्पा पहिल्यांदा आले ते १९९६च्या सुरुवातीला. पन्नाशीचा वाळका माणूस, केसांत आणि भुवयांत कारखान्यातल्या सुताचे पांढरे बारीक तंतू अडकलेले. यंत्रमागावर तीस वर्षं काढल्यामुळे कान जवळजवळ गेलेले. बोलायचे ते ओरडून, आणि ऐकायचे ते समोरच्याच्या ओठांकडे बघून. त्यांनी लेखकाचं नाव सांगितलं नाही, पुस्तकाचंही नाही. पोरं लांब जातात असं पुस्तक पाहिजे, म्हणाले. कुठे लांब, असं मी विचारलं. जेवढं लांब तेवढं चांगलं, म्हणाले.

मी ‘तांबडी वस्ती’ काढून दिलं. चौदा ते अठरा वयाची चौदा मुलंमुली एका तांबड्या ग्रहावर वस्ती करायला जातात, कप्तान त्यांना तिथं उतरवून यान घेऊन परत फिरतो, आणि मुलं काचेच्या घरांत भाजीपाला पिकवून राहतात, अशी ती कादंबरी. त्याहून लांबचं आमच्या कपाटात काही नव्हतं.

घेण्याआधी आप्पा कोपऱ्यातल्या माठाकडे गेले, हात धुतले, लेंग्याला न पुसता वाळवले, आणि मग पुस्तक घेतलं. पुढे प्रत्येक वेळी त्यांनी हेच केलं. घरून आणताना पुस्तक उशीच्या अभ्र्यात घालून आणायचे. पानात खुणेला धागा ठेवायचे, तुटलेल्या सुताचा, दर वेळी वेगळ्या रंगाचा. मी धागे काढून टाकायचे. पुस्तकात काही ठेवू नये, हाही नियमच आहे.

त्या पुस्तकाच्या शेवटी तोवर सातआठ अभिप्राय जमले होते. एका शाळकरी मुलानं लिहिलं होतं, ‘झकास. पण रोबो फार कमी.’ आमचे निवृत्त मुख्याध्यापक माळी गुरुजी यांचा अभिप्राय होता, ‘विज्ञाननिष्ठ दृष्टी, प्रवाही भाषा. मुद्रणदोष टाळता आले असते.’ एका गृहिणीनं विचारलं होतं की दुसऱ्या ग्रहावरसुद्धा पहिल्या दिवशी पोळ्या मुलींनीच का लाटाव्यात. मीही लिहिलं होतं, ‘बरी आहे. शेवट ताणलेला.’

आप्पांनी पंधरा दिवसांनी लिहिलं, चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाच्या वळणदार अक्षरात. वर मथळा घातला, ‘वाचन पहिले’.

‘पुस्तक चांगले आहे. मुलांना घरची आठवण तिसऱ्या महिन्यात आली असे लिहिले आहे. ते चूक. आठव्या दिवशी येते. तोपर्यंत नवेपणा असतो.’

चार ओळी संपल्या तरी त्यांचा हात चालूच होता. मी बोट ठेवून थांबवलं.

“आप्पा, चार ओळी.”

“चौदा पोरं शेतस ताई. चार ओळीमा कशा बसतीन?”

मी अकोल्याकडची. आप्पांची घरची अहिराणी मला सुरुवातीला अर्धीच कळायची, पण चौदा पोरं चार ओळींत कशी बसतील, हे कळलं. बाकीचं तुमच्या कागदावर लिहा, म्हटलं. नियम मोडायला एकाला दिला की सगळे मोडतात.

पुढच्या रविवारी ते पुन्हा तेच पुस्तक न्यायला आले. मग पुन्हा. दुसरं काही वाचा म्हणून मी शिकारकथा पुढे केल्या, प्रवासवर्णन पुढे केलं. त्यांनी दोन्ही नम्रपणे बाजूला सरकवली. ‘वाचन तिसरे’ असं होतं: ‘सणाच्या दिवशी ही मुले काय खातात ते दिलेले नाही. केस कोण कापते ते दिलेले नाही. तापाला कोण बसते ते एका ओळीत उरकले आहे.’ त्याखाली त्या पोळ्यांबद्दल विचारणाऱ्या गृहिणीनंच बहुधा पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, ‘बरोबर.’

वाचकांत त्यांची थट्टा व्हायची. ‘आप्पा, तुमचं यान कुठवर पोचलं’ असं कुणीतरी विचारायचं, आणि आप्पा ओठ वाचून गंभीरपणे सांगायचे की काचघरापर्यंत पोचलंय, वाटाणा लावायचा आहे. मीही हसायचे.

वर्षातून एकदा आम्ही वाचकांची बैठक घेतो. त्या वर्षी माळी गुरुजींनी ‘तांबडी वस्ती’वर बोलायचं ठरवलं. तिसऱ्या प्रकरणात एक मुलगी काचेतून आकाशातला निळा ठिपका बघते आणि तिला घर आठवतं, तो भाग त्यांनी वाचून दाखवला आणि त्यातल्या काव्याबद्दल बराच वेळ बोलले. आप्पा पहिल्या रांगेत, नजर गुरुजींच्या ओठांवर. गुरुजी थांबल्यावर ते उभे राहिले.

“गुरुजी, घर तारा देखीसन याद येत नही. दुसरानी डबा उघडा का याद येस.”

खोलीत बहुतेक सगळे गाव सोडून आलेले. कुणी हसलं नाही. गुरुजी भला माणूस. त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं आणि म्हणाले, आप्पा, तुम्हीच बोला.

मग आप्पा नवव्या प्रकरणाबद्दल बोलले. त्या प्रकरणात वादळ येतं, मुलांच्या टोपातले रेडिओ बंद पडतात. मिहीर नावाच्या मुलाला काचघराची तडकलेली भिंत दिसते, पण त्याचा आवाज पलीकडे रेवापर्यंत पोचत नाही, आणि ती जाते. त्या प्रसंगावर आप्पांचा फार राग होता. अडीचशे माग एका छपराखाली धडधडत असतात, ते म्हणाले, तिथं शेजारच्याचा आवाज शेजारच्याला येत नाही. मग आम्ही काय करतो? हातानं बोलतो. आणि त्यांनी दाखवलं. अंगठा आणि बोट चोळलं की धागा तुटला. मूठ आवळून खाली आणली की माग बंद कर. दोन्ही तळहात झटकन छातीशी ओढले की हात लावू नको, करंट आहे. नवीन पोराला हे शिकायला पंधरा दिवस लागतात. एवढे शास्त्रज्ञ, एवढं यान, आणि चौदा पोरांना कुणी हाताची भाषा शिकवली नाही. ती पोरगी वादळानं मेली नाही, लिहिणाऱ्याच्या अडाणीपणानं मेली.

“लिखणारानी गाव सोडेल नही दिसत,” एवढं बोलून ते बसले. त्यांचे तळहात तसेच छातीशी ओढलेले होते. ते बऱ्याच वेळानं खाली आले.

मला तेव्हा वाटलं, माणूस पुस्तकात फार गुंततो. दवाखान्यात रोज खऱ्या तक्रारी ऐकते, त्यामुळे कागदावरच्या माणसांसाठी कुणी एवढं रागवावं हे मला जरा अतीच वाटायचं.

बैठकीनंतर ते माझ्याजवळ रेंगाळले. लेखकाला पत्र लिहिता येतं का, असं विचारलं. मी कारण विचारलं. कप्तान पोरांना सोडून परत गेला, ते म्हणाले, मग त्यानं त्यांच्या आयांना काय सांगितलं? पुस्तक तिथं येऊन गप्प बसतं. मी म्हटलं, आप्पा, कप्तानाची गोष्ट नाहीये ती, मुलांची आहे. त्यांनी माझे ओठ नीट वाचले आणि मान हलवली. पत्र लिहीन, असं मी म्हटलं होतं की नाही ते मला आठवत नाही. लिहिलं नाही, हे आठवतं.

या एप्रिलमधली गोष्ट. आखाजी आठ दिवसांवर होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, आणि सुरतेतला खानदेशी माणूस कारखान्यातून कशीबशी सुट्टी काढून गावी जातो. आप्पांची बायको लवकर गेलेली, मूलबाळ नव्हतं. एक विधवा बहीण होती, सुमन. ती आखाजीला आप्पांच्या घरी यायची आणि तीन दिवस राहायची. आप्पा दर आखाजीला आणि दर दिवाळीला जायचे, आणि दर वेळी जाण्याआधी ‘तांबडी वस्ती’ न्यायचे. हे माझ्या लक्षात आलं होतं. गाडीत वाचत असतील, इतकंच मला वाटलं.

त्या रविवारी पुस्तक द्यायला मी नकार दिला. नवागामच्या एका मुलीनं दहावीच्या सुट्टीसाठी नाव लावून ठेवलं होतं आणि ती दोनदा हेलपाटे घालून गेली होती. आप्पांनी ते दहा वेळा वाचलेलं. हिशोब सरळ होता.

“तीनच दिवस, ताई. आखाजीले जानं शे. पुस्तक पाहिजेच.”

“पाठ झालंय तुम्हाला. दुसऱ्यालाही वाचू द्या की.”

“पाठ शे. पन नवं काही सापडस का, ते देखानं व्हतं.”

दहा वेळा वाचलेल्या पुस्तकात नवं काय सापडणार, असं मी म्हणाले. मागे रांग होती. त्यांनी उशीचा रिकामा अभ्रा घडी करून खिशात घातला आणि गेले.

मे महिन्यात ते परत आले, तेव्हा पुस्तक जमा झालं होतं. मी न मागता काढून दिलं. त्यांनी हात धुतले, घेतलं, आणि पंधरा दिवसांनी परत केलं. अभिप्रायाच्या कागदावर काही लिहिलं नाही. का हो आप्पा, असं विचारलं तर त्यांनी पुस्तकावर हळूच हात फिरवला आणि जागा संपली असं काहीसं पुटपुटले. जागा होती. चार ओळींची तर नक्कीच होती.

जिन्यानं उतरून ते रस्ता ओलांडून गेले. मी खिडकी लावायला उठले होते. पलीकडच्या फुटपाथवर ते थांबले, वळून वर पाहिलं. मध्ये रिक्षांची रांग हॉर्न वाजवत उभी. ओरडून उपयोग नव्हता, आणि त्यांनी तसा प्रयत्नही केला नाही. दोन बोटं डोळ्याखाली टेकवली, मग तळहात उघडा करून पाठीमागे कुठेतरी दाखवला. बैठकीतल्या खुणांत ही नव्हती. मला काही कळलं नाही, पण माणूस उन्हात उभा होता म्हणून मी मान हलवली. त्यांनीही हलवली. डोक्यावर रुमाल टाकून ते गल्लीत शिरले. मी पाहिलेले आप्पा ते शेवटचे.

त्याच आठवड्यात कारखान्यातली पाळी संपवून राहत्या खोलीचा जिना चढताना ते कोसळले. छातीचं होतं, त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्याबरोबर राहणारी माणसं त्यांना गावी घेऊन गेली. मला दोन रविवारनंतर कळलं. मी रजिस्टर काढून पाहिलं. त्यांच्या नावावर पुस्तक नव्हतं. नावावर रेघ मारली आणि पुढच्या वाचकाला हाक दिली.

आता गच्चीवरच्या चटईकडे येते. ‘तांबडी वस्ती’चं कव्हर जाड लागत होतं. उलगडलं तर खाकी कागद आणि पुठ्ठा यांच्या मध्ये घड्या घातलेले कागद निघाले. बाकीचं तुमच्या कागदावर लिहा, असं मीच म्हटलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, आणि पुस्तकाचं ते पुस्तकातच ठेवलं होतं.

एकावर मथळा होता, ‘आखाजी १९९७. सुमनला सांगणे.’

‘पान ६१. काचघरात पहिला वाटाणा आला. संजूने लावला म्हणून सांगणे. पान ८४. चौदा जण पाळीने स्वयंपाक करतात. संजूची भाकरी गोल होत नाही, सगळे हसतात. पान ९०. तिथली माती लाल आहे, कपड्यांची जात नाही. पान ११०. एकमेकांचे केस कापतात. पान १३३ ते १४० सांगू नये.’

नववं प्रकरण १३३ला सुरू होतं.

दिवाळीच्या कागदांवरही असंच. संजूची उंची वाढली. संजूला काचघरांचा मुकादम केला. सण करतात, पण काय खातात ते पुस्तकात नाही, मनाने खीर सांगितली.

शेवटचा कागद या मेचा. तो मी उतरवते.

‘वाचन अकरावे. या आखाजीला पुस्तक नव्हते. सुमनने विचारले, संजूचे पत्र काय आले. मला नवीन काही आठवले नाही. ती म्हणाली दादा थकला, उद्या सांग. त्याच्यासाठी सांजोऱ्या बांधून दिल्या. मी गाडीत खाऊ शकलो नाही आणि टाकूही शकलो नाही. संजू आठ दिवसांचा होता कारखान्यात. त्याला खुणा आल्या नव्हत्या. तरी त्याने हात पुढे केला तेव्हा मी हात छातीशी ओढायला पाहिजे होते, एवढी खूण तरी त्याला कळली असती. मी तोंडाने ओरडलो. तीस वर्षे मागावर काढून मी तोंडाने ओरडलो. आता सुमनला खरे सांगायचे आहे. ताईंनी लेखकाला विचारावे की कप्तानाने आयांना काय सांगितले. मोठे नको. मला एक वाक्य पाहिजे.’

ऊन वर आलं होतं. मी पुस्तकांवर चादर टाकली आणि आप्पांच्या खोलीवर गेले. चिंधा नावाचा त्यांचा खोलीतला जोडीदार घरी होता. संजूचं विचारलं, तर त्यानं नाकारलं नाही. संजू म्हणजे सुमनचा मुलगा. तीन वर्षांपूर्वी गेला, ओल्या फरशीवर, करंट लागून. तापीकाठी अग्नी दिला. आप्पा बहिणीला सांगायला गेले होते. ती वाटेतच भेटली, पोरगा जेवतो का नीट, असं विचारलं, आणि आप्पांच्या तोंडून निघून गेलं की त्याला दक्षिणेत, काचेच्या घरांत भाजी पिकवणाऱ्या कंपनीत चांगली नोकरी लागली. तिनं गावात साखर वाटली. मग आप्पांनी खोलीतल्या सगळ्यांना शपथ घातली. एवढं सांगून चिंधा म्हणाला की काचेच्या घरांचं आप्पांना कसं सुचलं कोण जाणे, पण पुढचं सुचेना म्हणून ते वाचनालयात जायला लागले. त्यांना वाटायचं, असलं काहीतरी कुणीतरी लिहून ठेवलंच असेल.

“आणि आता?” मी विचारलं.

“आता काय. तेराव्याला ती वाट बघत होती, मामासाठी पोरगा येईल म्हणून. मी म्हटलं, कळवलंय. ती म्हणते, तुमचं कळवणं राहू द्या, पत्ता द्या, मी जाते. शुक्रवारी येतेय सुरतला पत्ता घ्यायला.” तो जमिनीकडे बघत होता. “ताई, माझ्याच्यानं होणार नाही.”

उठताना मी त्याला ती खूण करून दाखवली. दोन बोटं डोळ्याखाली, मग उघडा तळहात मागे. याचा अर्थ काय, विचारलं.

“ती रोजचीच,” चिंधा म्हणाला. “शेजारच्याला करायची. माझ्या मागांवर डोळा ठेव, मी जातो.”

“आणि शेजारच्यानं मान हलवली तर?”

“मग त्याच्यावर आलं.”

गच्चीवर परत येऊन मी उरलेलं कपाट संपवलं. ‘तांबडी वस्ती’ला नवं कव्हर घातलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या शिपायाकडे रजेचा अर्ज दिला, रजिस्टरात पुस्तकासमोर माझं नाव लिहिलं, माठावर हात धुतले आणि पुस्तक, आप्पांच्या कागदांसकट, पिशवीत ठेवलं. उधन्याहून भुसावळकडे जाणारी पॅसेंजर धरली. सुमनबाईंचं गाव अमळनेरच्या पुढे आहे. गाडीत वही काढून मी सुमनबाईंना सांगायचं वाक्य जुळवायला बसले. नंदुरबारपर्यंत चार लिहिली, चारही खोडली.

अमळनेरला उतरले तेव्हा वहीत न खोडलेलं एकही वाक्य नव्हतं. मी वही पिशवीत टाकली आणि त्या गावाच्या बसची चौकशी केली.